खऱ्याखोट्याचा आखाडा : जपानमधील एका कुस्तीसंस्थेची कथा



धर्म, अर्थकारण, साहित्य अशा भारदस्त विषयांच्या पंगतीत जपानमधील धंदेवाईक कुस्तीचे पान वाढलेले पाहून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. 'ती कुस्ती तर खोटी! निकाल आधीच ठरलेला असतो. मग तिच्यावर तासभर बोलावयाचे ते काय?' हा आक्षेप आम्ही खोडून काढणार नाही. निकाल ठरलेला असतो हे आरंभीच मान्य करून टाकतो, म्हणजे तो वाद मिटला. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. निकाल ठरलेला असूनही जपानसारखा कष्टाळू आणि चिकित्सक समाज पिढ्यान्‌पिढ्या या आखाड्याभोवती का जमतो? आणि या खोट्या म्हटल्या जाणाऱ्या कुस्तीत खरे असे काय आहे? 'न्यू जपान प्रो-रेसलिंग', जपानीत 'शिन निहॉन', या संस्थेच्या इतिहासातून याचे उत्तर शोधण्याचा आज प्रयत्न करू.

आरंभ आपल्या ओळखीच्या माणसापासून करू. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळविले, हे महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. त्याच वजनगटात खाशाबांना हरवून सुवर्णपदक मिळविणारा मल्ल जपानी होता. त्याचे नाव शोहाची इशी. त्या ऑलिंपिकमध्ये जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्णपदक. महायुद्धात चिरडल्या गेलेल्या देशाला जगाच्या मैदानात पुन्हा मान वर करू देणारा हा पहिला वीर, आणि त्याची कुस्ती बावनकशी खरी. पण दोनच वर्षांनी टोकियोच्या चौकाचौकांत हजारो माणसे घसा फुटेस्तोवर ओरडत उभी राहिली, ती इशीसाठी नव्हे. ती रिकिदोझान नावाच्या धंदेवाईक मल्लासाठी. खऱ्या विजयापेक्षा ठरविलेला विजय लोकांना अधिक जवळचा का वाटावा?

रिकिदोझान हा मूळचा सुमो मल्ल. १९५० साली त्याने सुमो सोडली, १९५१ साली अमेरिकन पद्धतीच्या कुस्तीत पदार्पण केले आणि १९५३ साली जपानमधील या धंद्याची पहिली मोठी संस्था उभी केली. त्याच वर्षी जपानमध्ये दूरचित्रवाणी सुरू झाली होती. घरात यंत्र घेण्याची ऐपत फारच थोड्यांची, म्हणून चौकांत, रेल्वे स्थानकांसमोर यंत्रे मांडली जात. फेब्रुवारी १९५४ मध्ये रिकिदोझान आणि नामांकित जुदोपटू मासाहिको किमुरा ही जोडी शार्प बंधूंविरुद्ध उतरली. शिंबाशी स्थानकासमोर लोटलेल्या गर्दीची वर्णने आजही जपानमध्ये सांगितली जातात. परकीय सैन्याचा अंमल संपून दोन वर्षेही झाली नव्हती. उंचापुरा गोरा मल्ल प्रथम नियम मोडून छळतो, रिकिदोझान सोसतो, सोसतो, आणि अखेर हाताच्या कडेने छातीवर फटका हाणून त्याला लोळवितो. नऊ वर्षे गिळलेला अपमान त्या एका फटक्याबरोबर बाहेर पडे.

आता यातील गंमत पाहा. ज्यांना लोक अमेरिकन समजत होते ते शार्प बंधू कॅनडाचे. आणि जपानच्या अब्रूचा रक्षणकर्ता रिकिदोझान जन्माने कोरियन, आज ज्याला उत्तर कोरिया म्हणतात त्या भागातला! त्याचे मूळ नाव किम सिन-राक. जपानमध्ये कोरियन माणसाकडे तुच्छतेने पाहिले जाई, म्हणून हे त्याने जन्मभर झाकून ठेवले. निकाल ठरलेला, अमेरिकन कॅनेडियन, जपानी कोरियन! मग खरे काय होते? समोर उभ्या असलेल्या हजारो माणसांच्या डोळ्यांतले पाणी तेवढे खरे होते. आणि तेवढ्यावर एक धंदा उभा राहिला.

त्याच वर्षाच्या अखेरीस या धंद्याचे दुसरे अंगही दिसले. जोडीच्या कुस्त्यांत पडते माप नेहमी किमुराच्या पदरी येई. हा किमुरा काही सामान्य नव्हे. १९५१ साली ब्राझीलमध्ये एलिओ ग्रेसीला त्याने हातपिळीच्या डावावर हरविले होते. त्याने रिकिदोझानला जाहीर आव्हान दिले. २२ डिसेंबर १९५४ ला दोघे समोरासमोर आले. पुढे किमुराने सांगितले की, कुस्ती बरोबरीत सोडवावयाची असे ठरले होते. परंतु मध्येच रिकिदोझान बिथरला आणि त्याने किमुराला खरोखरीच्या फटक्यांनी रक्तबंबाळ करून पाडले. श्रोतेहो, हा प्रसंग ध्यानात ठेवा. या कुस्तीत लबाडी कशाला म्हणावयाचे? निकाल ठरविणे ही लबाडी, की ठरलेले मोडणे ही लबाडी?

रिकिदोझानची आणि आपलीही एक गाठ आहे. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंगबरोबर झुंजणारा अगडबंब किंगकाँग ज्यांनी पाहिला किंवा वडिलधाऱ्यांकडून ऐकला, त्यांना सांगावयास हवे की, हाच किंगकाँग नोव्हेंबर १९५५ मध्ये टोकियोत आशियाई अजिंक्यपदासाठी रिकिदोझानशी लढला आणि हरला. म्हणजे टोकियो आणि मुंबई ही एकाच फिरत्या फडाची दोन गावे होती.

डिसेंबर १९६३ मध्ये टोकियोतील एका नाइट क्लबमध्ये रिकिदोझानला एका गुंडाने भोसकले आणि आठवडाभरात तो वारला. मागे राहिले त्याचे दोन पट्टशिष्य. एक शोहेई बाबा, पूर्वाश्रमीचा बेसबॉल खेळाडू, उंचीमुळे 'जायंट बाबा' म्हणून प्रसिद्ध. दुसरा अंतोनियो इनोकी. हा १९४३ साली योकोहामात जन्मला, चौदाव्या वर्षी कुटुंबाबरोबर ब्राझीलला गेला आणि तेथे कॉफीच्या मळ्यात राबला. १९६० साली रिकिदोझानने त्याला तेथून उचलून आणले. बाबा आणि इनोकी एकाच दिवशी, ३० सप्टेंबर १९६० ला, आखाड्यात उतरले. बाबा जिंकला, इनोकी हरला. पुढची चाळीस वर्षे या दोन नावांत जपानी कुस्ती वाटली गेली.

१९७१ च्या अखेरीस गुरूच्या जुन्या संस्थेने इनोकीवर कटाचा आरोप ठेवून त्याला काढून टाकले. पुढल्याच महिन्यात, जानेवारी १९७२ मध्ये, त्याने न्यू जपान ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी बाबाने 'ऑल जपान' काढली आणि १९७३ साली मूळ संस्था बुडाली. न्यू जपानचा पहिला फड ६ मार्च १९७२ ला टोकियोतील ओता विभागाच्या व्यायामशाळेत लागला. त्यात इनोकीने स्वतःला कार्ल गॉचकडून हरवून घेतले. संस्थेचा मालक पहिल्याच दिवशी स्वतःच्या घरी चीत होतो, याचा अर्थ काय? 'आमच्याकडे नावाला नव्हे, कसबाला मान आहे,' हे त्याला जाहीर करावयाचे होते.

हा गॉच बेल्जियममध्ये जन्मलेला, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उतरलेला मल्ल. जपानी लोक त्याला 'कुस्तीचा देव' म्हणत. त्याने शिकविलेल्या व्यायामात आपल्याला परका वाटेल असा प्रकार फारच थोडा. जोर, बैठका, मुद्गल फिरविणे. जपानी तालमीत आजही शेकड्यांनी बैठका मारतात आणि त्यांना म्हणतात 'हिंदू स्क्वॉट'. टोकियोच्या सेतागाया भागात या संस्थेची तालीम आहे. नवा पोरगा तेथेच राहतो, झाडलोट करतो, वडील मल्लांसाठी 'चांको' नावाचे मांसभाज्यांचे कालवण रांधतो आणि काळ्या साध्या चड्डीवर मोजक्या डावांनिशी लढतो. वर्ष-दोन वर्षे हरणे हेच त्याचे काम. मग त्याला परदेशी पाठवितात आणि तेथून परतल्यावर त्याला नवे नाव, नवा वेष मिळतो. कोल्हापूरच्या तालमीत वस्तादाच्या नजरेखाली हौद उकरणाऱ्या पोराला हे सारे सांगितले, तर 'यात नवल ते काय?' असेच तो विचारील.

परंतु नुसत्या कसबावर पोट भरत नाही. अमेरिकेतील बड्या संस्थांशी बाबाचे सख्य होते, त्यामुळे नावाजलेले परदेशी मल्ल त्याच्याकडे जात. इनोकीला शत्रू घरीच घडवावे लागले. त्यांपैकी पहिला मोठा शत्रू भारतीय निघाला! पंजाबात जन्मून कॅनडात गेलेला टायगर जीत सिंग फेटा बांधून, तलवार मिरवीत आखाड्यात येई. नोव्हेंबर १९७३ मध्ये टोकियोच्या शिंजुकू भागात, गजबजलेल्या रस्त्यावर, त्याने इनोकी आणि त्याची पत्नी यांच्यावर हल्ला केला. पोलिसांपर्यंत बोभाटा झाला. हा प्रकार ठरवून केलेला, की खरा, हा वाद जपानी लोक पन्नास वर्षे चवीने चघळीत आहेत. रिकिदोझानला गोरा राक्षस हवा होता, इनोकीने पगडीवाला राक्षस उभा केला. हा मान आपण आनंदाने घ्यावा, की खेदाने, हे ज्याने त्याने ठरवावे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आपल्या मैदानी कुस्तीत प्रेक्षकांशी एक अबोल करार असतो. निकाल कोणालाच ठाऊक नाही, या बोलीवर आपण इनाम लावतो. म्हणून जोड पाडून घेणारा पैलवान आपल्याकडे चोर ठरतो. नाटकाचा करार वेगळा. कीचक रोज मरतो आणि रात्री घरी जाऊन जेवतो, यात कोणी फसत नाही. धंदेवाईक कुस्ती दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभी आहे. इनोकीने केले ते असे की, नाटकाच्या करारावर चाललेला खेळ त्याने मैदानाच्या नावाने विकला. 'आमची कुस्ती सर्व युद्धकलांत श्रेष्ठ आहे, ज्याला शंका असेल त्याने यावे,' अशी त्याने दवंडी पिटली. या शैलीला त्याने नाव दिले 'स्ट्राँग स्टाइल'. हुंडी मोठी होती. ती वटविण्याची वेळ कधीतरी येणारच होती.

पहिली वेळ आली २६ जून १९७६ ला. टोकियोच्या बुदोकान सभागृहात इनोकीसमोर साक्षात महंमद अली उभा ठाकला. इनोकीचे बहुतेक डाव नियमांनी बाद करून टाकले होते. तेव्हा तो पाठीवर पडून पंधरा फेऱ्या अलीच्या पायांवर लाथा झाडीत राहिला. अली गुद्दे मारणार कोणाला? सामना बरोबरीत सुटला, प्रेक्षक खवळले, जगभर टवाळी झाली. पण अलीचे पाय सुजून त्याला इस्पितळ गाठावे लागले. निकाल न ठरविता झालेली लढत लोकांना सर्वांत खोटी वाटली, ही केवढी विलक्षण गोष्ट! सत्य नेहमीच पाहण्याजोगे असते असे नाही. मैदानातील रटाळ, तासभर रेटारेटीच्या कुस्त्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगणे नको.

दुसरी वेळ आली त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, कराचीत. समोर होता अक्रम पहिलवान. हे घराणे आपल्या परिचयाचे आहे. अक्रमचा बाप इमामबक्ष हा जगप्रसिद्ध गामाचा भाऊ. शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेल्या खासबाग मैदानाच्या आरंभीच्या कुस्त्यांत इमामबक्षचे नाव आजही घेतले जाते. अशा घराण्याचा मुलगा आपल्याच लोकांसमोर लुटुपुटीची हार पत्करील, हे संभवतच नव्हते. लढत खरी झाली. तिसऱ्या फेरीत इनोकीने अक्रमचा हात पिळून निकामी केला आणि भरलेले मैदान सुन्न झाले. इनोकी जिंकला, पण त्या शांततेत त्याला काय मिळाले? अडीच वर्षांनी, जून १९७९ मध्ये, त्याच घराण्यातला कोवळा झारा पहिलवान लाहोरात त्याच्याशी लढला. पाच फेऱ्या झाल्या, निकाल लागला नाही. तेव्हा इनोकीने आपण होऊन झाराचा हात उंच धरला आणि मैदान जल्लोषाने दुमदुमले. कराचीत हात मोडून जे साधले नव्हते ते लाहोरात हात उंचावून साधले. पाकिस्तानात इनोकीचे नाव पुढे आदराने घेतले गेले, ते या दुसऱ्या प्रसंगामुळे.

यानंतरची वीस वर्षे भरभराटीची. ती आपण भराभर ओलांडू. १९८१ साली मुखवटाधारी 'टायगर मास्क' आला आणि मुलांना वेड लागले. १९९२ पासून दर ४ जानेवारीला टोकियो डोम या प्रचंड क्रीडागारात या संस्थेचा फड भरू लागला. इनोकी १९८९ साली संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून गेला. एप्रिल १९९५ मध्ये त्याने प्याँगयांगमध्ये दोन दिवस कुस्त्या भरविल्या. गुरूने जन्मभर लपविलेल्या मातृभूमीत शिष्य गुरूची कला घेऊन गेला. या धंद्यातील ही एक मोठी हृद्य गोष्ट आहे.

पण हुंडी वटायची राहिलीच होती. ४ जानेवारी १९९९ ला टोकियो डोममध्ये, ऑलिंपिकचा रौप्यपदक विजेता जुदोपटू नाओया ओगावा संस्थेचा आघाडीचा मल्ल शिन्या हाशिमोतो याच्याशी लढताना ठरलेली मर्यादा सोडून त्याला मारीत सुटला. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी किमुराचे झाले तेच हाशिमोतोचे झाले. त्याच सुमारास पिंजऱ्यातल्या आणि रिंगणातल्या अनिर्णित, खऱ्याखुऱ्या मुष्टि-मल्लयुद्धांची जपानमध्ये लाट आली होती. लोक साहजिकच म्हणू लागले, 'तुम्ही सर्वांत श्रेष्ठ ना? मग जा त्यांच्यासमोर!' आणि इनोकीने आपले मल्ल पाठविले. ३१ डिसेंबर २००१ ला युजी नागाता मिर्को क्रो कॉपसमोर उभा राहिला. एकवीस सेकंदांत संपला. २००३ च्या अखेरच्या दिवशी तोच फेदोर एमेलियानेंकोसमोर उभा राहिला. एक मिनिट दोन सेकंद.

या नागाताविषयी थोडे थांबून बोलावेसे वाटते. तो घाबरट नव्हता, अकुशलही नव्हता. ग्रीको-रोमन कुस्तीत नाव मिळविलेला तो मल्ल होता. पण वर्षभर गावोगाव फिरून, ठरलेल्या कुस्त्यांत अंग झिजवून, पुरेशी तयारी नसताना परक्या कलेच्या उस्तादासमोर त्याला उभे केले गेले. मालकाच्या दवंडीची किंमत नोकराने सर्व देशासमोर मोजली. तरीही पहिल्या पराभवानंतर काही महिन्यांतच, २००२ साली, तो संस्थेचा अजिंक्यवीर झाला आणि सलग दहा वेळा त्याने ते पद राखले. संस्थेचे ते वाईट दिवस होते, खुर्च्या रिकाम्या पडत होत्या. तरी जे येत होते ते नागातासाठी ओरडत होते. एकवीस सेकंदांत पडलेला माणूस पुन्हा उठून रोज कामावर येतो, हे लोकांना दिसत होते. या सभागृहात असे कितीतरी जण असतील की जे एकदा असेच पडले आहेत आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले आहेत.

अखेर २००५ साली इनोकीने आपले भाग एका खेळ बनविणाऱ्या कंपनीला विकले, आणि २०१२ साली संस्था पत्त्यांचे खेळ काढणाऱ्या बुशीरोड कंपनीच्या हाती गेली. पण संस्था तरली ती मालक बदलल्याने नव्हे, करार बदलल्याने. हिरोशी तानाहाशी नावाच्या मल्लाने तालमीत टांगलेली इनोकीची भव्य तसबीर उतरविली. केवढे धाडस! आपल्याकडे तालमीतली वस्तादाची तसबीर कोणी उतरवून पाहावी. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, 'आम्ही जगात सर्वश्रेष्ठ लढवय्ये आहोत हे आता सिद्ध करावयाचे नाही. तिकीट काढून आलेल्या माणसाला आनंदाने घरी पाठवावयाचे.' तो लांब केस वाढवी, हवेतले तंतुवाद्य छेडी, प्रेक्षकांना 'माझे तुमच्यावर प्रेम आहे' असे म्हणे. जुन्या रसिकांनी त्याची हुर्यो उडविली. तो गावोगाव हिंडून कुस्तीचा प्रचार करीत राहिला. हळूहळू बायका, मुले येऊ लागली आणि सभागृहे भरली. डिसेंबर २०२३ मध्ये तो संस्थेचा अध्यक्ष झाला. आणि हेही सांगितले पाहिजे की, तालमीत ती तसबीर पुन्हा लावण्यातही पुढाकार त्याचाच होता. इनोकी १ ऑक्टोबर २०२२ ला वारला, तो या घराशी समेट होऊन.

मग या कुस्तीत आता सारेच नाटक आहे काय? एप्रिल २०१७ मध्ये टोकियोत कात्सुयोरी शिबाता अजिंक्यपदासाठी लढला. त्याचे वडीलही याच संस्थेचे मल्ल. शिबाता डोक्यावर डोके आपटण्यासाठी प्रसिद्ध. त्या रात्री त्याने ठरलेल्या कुस्तीत असे डोके आपटले की, कपाळावरून रक्त ओघळले, आणि कुस्ती संपल्यावर तो कोसळला. मेंदूपाशी रक्त साकळले होते. शस्त्रक्रिया करून जीव वाचला. पुढे तो लॉस एंजेलिसमध्ये या संस्थेच्या तालमीत पोरांना शिकवू लागला. निकाल कागदावर होता, रक्त कागदावरचे नव्हते. प्रेक्षकांना आनंद देण्याच्या करारातही मल्लाने स्वतःचे किती द्यावे, याला सीमा असावयास हवी, हा प्रश्न त्या रात्रीपासून जपानी रसिकांना छळतो आहे. आम्हांलाही छळतो. टाळ्या वाजविणाऱ्याचे हात अशा वेळी अगदी स्वच्छ राहत नाहीत.

श्रोतेहो, तात्पर्य एवढेच. निकाल ठरलेला असणे हे या कुस्तीचे पाप नव्हे. किमुराशी आणि हाशिमोतोशी झाला तो जोडीदाराशी विश्वासघात, आणि नागाताला भोगावी लागली ती न झेपणारी दवंडी, ही तिची पापे. बारा-बारा मल्ल पाठीवर आपटून घेतात, ते उचलणारा आपली मान मोडू देणार नाही या भरवशावर. ज्या खेळात आपला जीव रोज दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो, त्याला खोटा म्हणताना जीभ थोडी अडखळावी. आणि आमच्या मैदानांनीही यातून एक गोष्ट घ्यावी. आमचा करार सचोटीचा आहे. तो पाळावयाचा तर निकाली कुस्ती निकालीच झाली पाहिजे, जोड पाडून घेण्याचा धंदा बंद झाला पाहिजे. ज्याने त्याने आपली बोली पाळावी. पाहणाऱ्यांना ती बरोबर कळते, शिंबाशीच्या चौकात कळली तशी खासबागेतही कळते.